गारव्याची वाटणी

आईला सांगायचं एक वाक्य होतं. ते बोलावं लागू नये म्हणून मी अख्खी गाडी बांधली.

वाक्य साधं होतं. "आई, तू जरा पलीकडच्या खोलीत झोपत जा, हिला रात्री पंखा लागतो." कुणाच्याही घरात हे चहा पिता पिता बोललं गेलं असतं. आमच्या घरात मोठ्यानं बोलणारी माणसं पुष्कळ. ऊस कुणाला घालायचा, म्हैस कितीला द्यायची, यावर सगळी गल्ली ऐकेल असं बोलतात. पण बायकोला काय होतंय, तिला काय लागतं, हे बोलायची आमच्यात पद्धत नाही. मी तर मुळातच कमी बोलणारा. घरातल्यांना वाटतं की माझ्या पोटात काही नसतंच.

वडील गेल्यावर आईची खाट आमच्या खोलीत आली, कारण मोरी शेजारी आहे. तिला पंख्याचं वारं सोसत नाही, पाठ धरते. तेव्हा पंखा बंद करणारी माझी बायकोच. ती आईला आत्ती म्हणते. "आत्तींना थंडी वाजती," म्हणाली आणि बटण दाबलं. पुढं काही वर्षं काही बिघडलं नाही. मग तिचे पाळी जायचे दिवस आले. बसल्या जागी छातीतून आगीसारखं काहीतरी वर चढायचं, कानशिलं लाल व्हायची, पोलकं घामानं भिजायचं आणि थोड्या वेळात तीच बाई काकडायला लागायची. झोप अशी उरलीच नाही. ती गुपचूप उठून स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर जाऊन पडायची. मला ते कळायचं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. दोन वर्षं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर सांगितलं होतं, हे दिवस जातात, घाबरायचं काही नाही, पण खोली गार ठेवा, झोप झाली पाहिजे. मी मान हलवली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "खोलीचं काय त्या बाईंना सांगायला." मी स्कूटरला किक मारली.

इथं एक सांगितलं पाहिजे, नाहीतर माझी लाज पुरती कळणार नाही. खोल्या गार करणं हाच माझा धंदा आहे. औद्योगिक वसाहतीत आमचं पत्र्याचं काम चालतं. एसीची गार हवा एका यंत्रातून निघून दहा खोल्यांत कशी वाटायची, त्यासाठी पत्र्याच्या चौकोनी नळ्या, म्हणजे डक्ट, मी घडवतो. हॉटेलं, दवाखाने, लग्नाचे हॉल. कुठल्या खोलीला किती हवा लागेल हे मी नुसतं उभं राहून सांगतो. आणि घरी माझी बायको ताटानं वारा घेत होती.

त्या वर्षी थोरल्या भावानं उसासाठी नवी ट्रॉली घेतली. जुनीची लाकडं कधीच गेली होती, नुसता सांगाडा उकिरड्याच्या कडेला पडून होता. एका रविवारी मी हातोडी घेऊन गंज बघत त्याच्याभोवती फिरत होतो. दादा धार काढून आला.

"काय ठोकतोयस? भंगारवाल्याला बोलवू काय?"

"नको. ह्याच्यावर घर बांधतो म्हणतो."

"घर?" त्यानं बादली खाली ठेवली. "आणि आपलं ह्ये काय हाय, गोठा?"

"चाकावरचं. ट्रॅक्टरला जोडायचं, कुठं जायचं तिथं जायचं. आत झोपायची सोय, एसी."

"एसी," दादा म्हणाला. "मर्दा, झोपणार कोण त्यात?"

आता बोलायचं होतं. समोर भाऊ, दुसरं कुणी नाही. आई अंगणाच्या टोकाला शेंगा फोडत बसली होती, बायको मागं कपडे वाळत घालत होती. हिच्यासाठी बांधतोय, हिला झोप लागत नाही, एवढं म्हणायचं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "आईला वाडीला न्यायला."

नरसोबाच्या वाडीला जाऊन एक रात्र राहायचं, पहाटेची पूजा बघायची, हे आईचं फार दिवसांचं मनात होतं. एसटीत ती आता चढू शकत नव्हती. माझ्या खोट्याला बसायला अगदी तयार पाट मिळाला. आईनं शेंगा फोडायच्या थांबवल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक झालं की धाकटा आईसाठी फिरतं घर बांधतोय. त्या दिवसापासून आईची चाल बदलली. दळण आणायला जातानाही ती पदर जरा ताठ घेऊन जायची.

गाडी बांधायला दिवाळीनंतर सुरुवात केली आणि माघ संपायच्या आत ती उभी राहिली. भिंतींना एका बंद पडलेल्या शीतगृहाची फळकुटं मिळाली, दोन्हीकडून पत्रा आणि मध्ये फोम भरलेली. उन्हात हात लावला तर बाहेरून चटका, आतून काही नाही. दादा दूध घालून आला की पान्हा धरायला यायचा. त्याला कामापेक्षा सल्ल्यात रस. "खिडकी मोठी ठेव, गार हवा भाइरनंच ईल की फुकटात." मी म्हणायचो, "दादा, नट धर."

आतली वाटणी मी मनात कधीच केली होती. मागं एक लहान खोली, तिला दार, आडवा पलंग. पुढं दुसरा पलंग, त्याच्यासमोर शेगडीचा ओटा, आणि आम्हा दोघा भावांसाठी घडीची बाकं. छताजवळ मधोमध एसी, आणि टपावर सगळ्यांत मागं एक छोटं जनरेटर.

हवेचा एक स्वभाव आहे. तिला जवळचं भोक आवडतं. एसीच्या जवळ मोठं तोंड ठेवलं तर सगळी हवा तिथंच उतरते, लांबच्याला काही पोचत नाही. म्हणून जवळच्याला लहान तोंड ठेवायचं आणि लांबच्याला मोठं. मी पुढच्या पलंगावर तळहाताएवढी जाळी ठेवली आणि मोठा डक्ट थेट मागच्या खोलीत नेला. पलंगावर पडणाऱ्याच्या छातीच्या जरा वर त्याचं तोंड उघडेल, पण वारं अंगावर आपटणार नाही, भिंतीवरून ओघळत खाली येईल, असा त्याला बाक दिला. आतली हवा परत यायला दाराखाली चार बोटं फट ठेवली. आत एक झडप बसवली, हवा कमीजास्त करायला, आणि तिची मूठ पलंगावर पडल्या पडल्या हाताला लागेल अशी ठेवली. हे एवढं बारीक काम मी दवाखान्याच्या ऑपरेशनच्या खोलीलाही केलं नव्हतं. पत्र्याला घडी मारताना माझ्या डोळ्यासमोर एकच माणूस होतं.

पुढच्या पलंगाखाली आईच्या पाठीची सोय. आमच्या अंघोळीचा तांब्याचा बंब मी गाडीच्या पुढच्या दांडीवर बाहेरच्या बाजूला बसवला. जाळ बाहेर, धूर बाहेर. बंबातून एक तांब्याची नळी निघून पलंगाच्या फळीखालून चार वळसे घेते आणि परत बंबात येते. पाणी तापलं की आपणच वर चढतं, निवलं की आपणच खाली येतं, मोटर लागत नाही. नदीकाठची थंडी असली तरी म्हातारीची पाठ रात्रभर शेकत राहील. एकाच गाडीत, एकाच वेळी, एकीला ऊब आणि एकीला गारवा. मला त्या कामाचा गर्व होता. खोटं कशाला बोलू, अजून आहे.

फक्त कोण कुठं झोपणार हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. तिला वाटत होतं, सगळं आत्तींसाठीच चाललंय. मागच्या खिडकीला तिनं स्वतः पडदा शिवला, दुहेरी अस्तराचा. सुई दातात धरून मला म्हणाली, "आत्तींच्या डोळ्यावर ऊन यायला नको." तेव्हाही मी बोललो नाही. तिला एकदम जाऊन दाखवू, असं काहीतरी मनात होतं. चाळिशीच्या पुढच्या माणसानं नवऱ्यामुलासारखं लाजावं, तसा प्रकार.

गाडी पुरी झाल्यावर अंगणात एसी लावून बघितला. हवा कुठं किती जाते हे बघायला मी उदबत्ती पेटवून प्रत्येक जाळीखाली धरत होतो. धूर कसा वळतो यावरून कळतं. आई दादाच्या हाताला धरून वर चढून आली आणि माझ्या हातात उदबत्ती बघून तिनं जाळीला हात जोडले.

"आई, देव न्हाय तिथं. वारं बघतोय."

"असू दे. वारं बी देवच." तिनं दोन्ही पलंग दाबून बघितले. मागच्या खोलीत गेली, दार लावून बघितलं, उघडून बघितलं. "ह्ये बरं हाय. दार हाय."

"तुला पुढचा केलाय. खालनं ऊब येती."

"पुढं? शेगडीपाशी?" ती म्हणाली. "म्हातारी झाली म्हणून काय येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात झोपू?"

दादा दारातून म्हणाला, "मालकीणबाईस्नी आतली खोली. आमी आपलं गडी, भाइर."

बायको खालून तांब्या देत होती. ती म्हणाली, "आत्तींनाच आत असू द्या. मला पुढंच बरं पडंल, चा-पाणी करायला."

मी उदबत्ती विझवली. सगळ्यांच्या समोर, भर दुपारी, मी बांधलेल्या गाडीची वाटणी माझ्यासमोर झाली आणि मी ती उलटी होऊ दिली. गारवा आईला, ऊब बायकोला.

दोनच दिवसांनी आम्ही निघालो. दादा ट्रॅक्टरवर, मी त्याच्या शेजारी मडगार्डवर, बायका आत. हातकणंगल्यापासून शिरोळपर्यंत रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला. त्यांच्या रांगेत आमचं पांढरं खोकं. जयसिंगपूरच्या अलीकडं एक पोरगेला ड्रायव्हर आमच्या बरोबरीनं ट्रॅक्टर आणून ओरडला, "पावणं, आईस्क्रीम हाय व्हय?"

"न्हाय," दादा ओरडला. "आई हाय."

आईनं मागच्या खिडकीचा पडदा सारून त्याच्याकडं बघितलं. पुढच्या रसवंतीवर थांबलो तेव्हा रसवाल्यालाही तिनं सांगून टाकलं, माझ्या ल्योकानं माझ्यासाठी केलीया. त्यानं तिच्या ग्लासात आलं जास्त घातलं. मी ग्लासात बघत उभा राहिलो.

वाडीला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. नदीकडच्या मोकळ्या जागेत गाडी लावली. आईला देवदर्शनाआधी अंघोळ करायची होती, म्हणून दादानं बंब पेटवला. दर्शन झालं, जेवण झालं. मग दुपारची सगळी लवंडायच्या बेतात आली. मी जनरेटर चालू केलं, एसी लावला. आई आत, दार बंद.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की पुढं हवा अजिबात येत नाहीये. वर बघतो तर एसीतून पाण्याचे थेंब दादाच्या कपाळावर पडत होते आणि तो झोपेतच तोंड फिरवत होता. असं कधी होतं, तर हवेला जायला वाट मिळाली नाही की. पुढची एवढीशी जाळी पुरत नाही, आतली नळी बर्फानं आखडते, हवा अडते आणि मग गळायला लागते. मी मागचं दार ढकललं. आईनं डक्टच्या मोठ्या तोंडात आपली वाकळ कोंबून बसवली होती आणि भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"आई, हे काय?"

"गार वारं याया लागलंय. पाठ धरली माझी. बंद कर की लेका त्ये."

मी यंत्र बंद केलं. बंबातला निखारा अजून जिवंत होता आणि नळीला झडप बसवायची मी विसरलो होतो, म्हणजे पुढच्या पलंगाची फळी अजून तापतच होती. त्या पलंगावर बायकोची चटई होती. ती नव्हती.

खाली उतरलो. ती गाडीखाली बसली होती. दोन चाकांच्या मध्ये, सावलीत, मातीवर. एसीचं निथळलेलं पाणी बाहेर काढायला मी जी रबरी नळी खाली सोडली होती, तिच्याखाली तिनं ओंजळ धरली होती. थेंब थेंब पाणी जमलं की मानेला लावायची. तोंड लालभडक, पोलकं चिकटलेलं.

मला बघून म्हणाली, "बरं वाटतंय हितं. तुमी जावा, पडा जरा."

तिनं रागानं म्हटलं असतं तर मी कदाचित नेहमीसारखा गेलो असतो. तिला खरंच बरं वाटत होतं. माझ्या सगळ्या कारागिरीतून तिच्या वाट्याला तेवढे थेंब आले होते आणि त्यावर ती खूश होती.

मी वर चढलो. आई पलंगावर उठून बसली होती. दादा डोकं पुसत होता.

"आई," मी म्हटलं, "ही गाडी तुझ्यासाठी बांधली न्हाय."

"आं?"

"हिच्यासाठी बांधली. हिला दोन वर्षं झाली झोप न्हाय. पाळी जायाचं दिवस हायत, अंगाची आग होती, घाम फुटतो. घरात तुला पंखा सोसत न्हाय म्हणून ती फरशीवर झोपती. ही मागली खोली हिची. मोठा डक्ट हिचा. तुझा पलंग पुढला, ऊब घातल्याला. वाडीचं मी असंच म्हटलतो."

एवढं सलग मी घरात कधी बोललो नसेन. दादा टॉवेल तोंडासमोर तसाच धरून बसला. बाहेर फुलांचा टोपला घेतलेली एक बाई "पावणं, हार घ्या," म्हणत होती.

आई म्हणाली, "मी साऱ्या गल्लीला सांगितलं."

"व्हय."

"त्या रसवाल्याला बी सांगितलं." तिचा आवाज चढला नाही. तोच जरा चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "मग आधी सांगायला काय झालतं? मी काय खाल्ली असती तिला?"

आईनं कधीच नाही म्हटलं नव्हतं, हे मला तेव्हा बोलता बोलताच कळलं. विचारलंच नव्हतं, तर तिनं नाही तरी कधी म्हणावं? सगळा नकार मीच तिच्या नावावर घालून ठेवला होता. आणि वर तिला एक खोटा आनंद दिला होता, जो आता परत घेत होतो.

तिनं डक्टच्या तोंडातली वाकळ ओढून काढली, घडी केली आणि पुढं येऊन पलंगावर बसली. "जा. आण तिला. घे म्हणावं तुझा गारवा."

मी यंत्र परत चालू केलं आणि खाली गेलो. पण बायको यायला तयार नव्हती. उघड्या दारातून तिनं सगळं ऐकलं होतं. गाडीखालून बाहेर आली ती माझ्याकडं न बघता.

"भावोजींच्या समोर माझ्या पाळीचं काढलासा," ती हळू म्हणाली. "चार गाड्या पलीकडं ऐकू गेलं असंल. मला काय तोंड न्हाय?"

"मग कसं सांगायचं?"

"मला सांगायचं होतं. आधी. मी बघितलं असतं आत्तींचं काय ते." पदरानं मान पुसली. "चाराण्याचं काम, आणि तुमी ट्रॉली घेऊन बसलासा."

मी दोघींना दुखवलं होतं, एका दमात. आतली खोली गार पडून रिकामी राहिली. आई रुसून पुढं, बायको रुसून बाहेर. शेवटी दादा म्हणाला, "कोण जात न्हाय तर मी जातो, हवा वाया चाललीया," आणि आत जाऊन दार लावून घोरायला लागला. आईला हसू आलं, तिनं ते दाबलं. बायकोनंही दाबलं. मी दोघींच्या मधल्या पायरीवर बसलो होतो, दोन्ही बाजूंनी ते मला दिसलं.

संध्याकाळी पालखीला दोघी एकत्र गेल्या. जाताना आईनं तिचा दंड धरला होता, पण म्हातारीला आधार लागतोच, त्यात काही अर्थ काढायचं कारण नव्हतं. आल्या त्या पेढ्यांचा पुडा घेऊन, आणि काहीतरी बोलत. मला बघून गप्प झाल्या.

जेवणानंतर मी भांडी विसळत होतो. घरी मी विसळत नाही, तिथं विसळली. बायको शेजारी कोरडी करत होती. बरंच झाल्यावर म्हणाली, "आत्तींना बी व्हायचं म्हणं हे."

"काय?"

"आग. आत्ती म्हशीच्या हौदात पाय सोडून बसायच्या. मामंजींना वाटायचं, हिचा म्हशीवर लई जीव हाय. म्हणून त्यांनी आणि एक म्हस घेतली."

मला ती म्हैस आठवत होती. दादाला नि मला तिच्यासाठी सकाळी उठून वैरण आणावी लागायची. आपल्या घरात ती का आली हे एवढ्या वर्षांनी मला नदीकाठी ताट विसळताना कळत होतं. वडीलही न विचारता घेणाऱ्यांतलेच. निदान त्यांनी दुभतं तरी घेतलं.

"हसू नगासा," ती म्हणाली. "मलाच तेवढं सांगितलंय."

त्या रात्री ती मागच्या खोलीत गेली. दार आतून लावल्याचा आवाज आला, कडीचा. आईच्या पलंगासाठी मी बंब पुन्हा पेटवला. आई म्हणाली, "पाठीला बरं वाटतंय." मग बऱ्याच वेळानं, अंधारात, "पण पुढं लई जोरात वारं येतंय दारातनं. फट बुजव उद्या." म्हणजे गारवा आत पुरता पोचला होता. मला त्या तक्रारीचा इतका आनंद झाला की काय सांगू.

पहाटेच्या पूजेला आई दादाला घेऊन गेली. मी राहिलो. ऊन वर आलं. गाड्यांच्या जागेचं बघणारा माणूस शिट्टी वाजवत आला. मागं एक लक्झरी बस उभी होती, तिला आमच्या जागेतून वळायचं होतं. तेवढ्यात आई आली. तिनं पिशवी माझ्या हातात दिली आणि जाऊन ट्रॅक्टर-गाडीच्या मधल्या दांडीवर बसली.

"आजी, उठा. गाडी काढायची हाय," तो माणूस म्हणाला.

"हलायची न्हाय."

"का?"

"सून झोपलीया."

त्यानं घड्याळ बघितलं. "आता? ऊन आलंय की डोक्यावर."

"मग? ऊन आलं म्हणून काय झालं?"

"सून झोपलीया आणि सासू राखण बसलीया. उलटंच हाय तुमचं."

"उलटं तर उलटं. तू शिट्टी हळू वाजव."

दादानं ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात टाकली आणि तिच्या शेजारी बसला. बसवाला दोनदा पुढं-मागं झाला, काहीतरी पुटपुटला आणि शेवटी पलीकडच्या बाजूनं वळसा घालून गेला. मी चहा ठेवला. डबे हळू उघडले, तरी एक झाकण पडलंच. लहानपणी दूध सांडल्यावर बघायची तसं आईनं माझ्याकडं बघितलं.

बायको उठली तेव्हा आमचा दुसरा चहा झाला होता. कडी निघाली, दार उघडलं. गालावर उशीची शिवण उमटलेली, केस विस्कटलेले. सगळे बाहेर, सासू उठलेली, चहा झालेला, हे बघून ती दचकली.

"उठवायचं न्हाय व्हय मला?"

"बस," आई म्हणाली. "चा घे. गोड केलाय ह्यानं, सरबतासारखा."

तिनं घेतला. सगळा प्याली.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, या वेळी तोंडानं, की पलीकडच्या खोलीत झोपशील काय. ती म्हणाली, मोरी लांब पडती, मला नको. झालं. एवढंच होतं ते. मी गाडी अंगणात घराच्या लाईनीवर जोडली आणि बायको तिथं झोपते. आमच्या खोलीत एसी बसवून आईला दुसरी मोरी बांधू, असंही मी म्हणून बघितलं. बायको म्हणाली, "नको. मला तिथंच बरं हाय. दार हाय." गल्लीत आमचं भांडण झालंय अशी बातमी आहे. कधी कधी मीही जातो तिकडं. मला तो गारवा सोसत नाही, मी वाकळ घेऊन जातो. ती म्हणते, पांघरा आणि गप पडा. मी पडतो. पण आता गप नसतो. बारीकसारीक सांगत असतो, पत्रा महागला, अमक्या हॉटेलात डक्ट गळतोय. ती ऐकता ऐकता झोपते, ते श्वासावरून कळतं, तरी वाक्य पुरं करतो.

हे सगळं लिहून मी पहिल्यांदा तिला वाचायला दिलं. चष्मा लावून, ओट्यापाशी उभ्यानं वाचलं तिनं. मी समोर भाजी निवडत होतो, मेथीची एकेक काडी. एका ठिकाणी ती थांबली, कुठं ते मला कळलं.

"हे काढू काय?" मी विचारलं. "घामाचं, पाळीचं?"

पान उलटून तिनं पुढचं वाचलं. "राहू द्या," म्हणाली. "आणि कुणाच्या तरी नवऱ्याला उपयोगी पडंल. पण हौदाचं आत्तींना विचारून घ्या. त्यांनी मलाच तेवढं सांगितलतं."

मी आईकडं गेलो. तिला वाचून दाखवलं, तेवढंच. ती शेंगा फोडत ऐकत होती.

"लिही की," म्हणाली. "पण म्हस चांगली होती म्हणून बी लिही. दोन्ही येळचं लई दूध द्यायची."